चौथ्या फाटकाची निगेटिव्ह

“जिन्यात दोनदा थांबले,” व्लास्ताबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. “गुडघे पार गेलेत. पण आज दहा मजले असते तरी चढले असते. रादिमचा पिक्चर न्यायला आलेय ना.”

बोहुमिला पेल्यातल्या कॉफीच्या भुकटीवर उकळतं पाणी ओतत होती. थोडं पाणी बशीत सांडलं. तिनं ते फडक्यानं टिपलं आणि तेच फडकं ओट्यावर उगाचच पुन्हा फिरवलं.

नव्वद सालचा फेब्रुवारी होता. कम्युनिस्ट सरकार पडून तीन महिने होत आले होते आणि वीस वर्षं कुलपात पडलेले सिनेमे एकेक करून बाहेर येत होते. प्रागमधल्या थिएटरांपुढे लोक बर्फात रांगा लावत होते. बोहुमिला मात्र एकाही रांगेत उभी राहिली नव्हती. वर्तमानपत्रात तसली यादी आली की ती पान उलटायची.

“पेपरात वाट बघून दमले,” व्लास्ताबाई म्हणाल्या. “सगळ्यांचे आले, आमचाच नाही. मग म्हटलं, बरोबर आहे. तो सरकारी कपाटात असेलच कसा? तो तुमच्याकडे आहे.” त्यांनी पिशवीतून दोरी बांधलेला खोका काढला. “खसखशीचा केक आहे. एवढ्या मोठ्या उपकारापुढे केक म्हणजे अगदीच काहीतरी. पण रिकाम्या हातानं येववेना.”

“तुम्हाला हे कुणी सांगितलं?”

“रादिमनंच की. शेवटच्या आजारात रोज एकदा तरी म्हणायचा, ‘बोहुमिला आहे ना, मग मला घोर नाही.’ हॉस्पिटलात मी, त्याची बायको, उशाशी रडत बसायची आणि तोच मला समजवायचा.”

बोहुमिलानं कॉफी पुढे ठेवली आणि समोर बसली. हात मांडीवर घेतले. एकतीस वर्षं त्या हातांत पांढरे सुती मोजे आणि कात्री होती. ती निगेटिव्ह कापणारी. दिग्दर्शक आणि संकलक एक प्रत घेऊन पिक्चर हवा तसा जुळवायचे. मग तिनं मूळ निगेटिव्ह घ्यायची, कडेचे आकडे त्या प्रतीशी ताडून बघायचे आणि तस्साच तुकडा कापून चिकटवायचा. एक चौकट, फिल्मवरचं एक चित्र, चुकली की भरपाई नाही. तिची कधी चुकली नव्हती. पिक्चरच्या पाट्यांत तिचं नाव नसायचं आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही.

रादिमनं दिग्दर्शित केलेला ‘चौथं फाटक’ तिनं एकोणसत्तरच्या हिवाळ्यात कापला होता. युरेनियमच्या खाणीवर राजकीय कैद्यांना राबवायचे, त्या दिवसांतली गोष्ट. नवऱ्याला भेटायला दर महिन्याला फाटकापाशी येणारी एक बाई, एवढंच. कोणी कोणाला मारत नाही, कोणी भाषण ठोकत नाही. पुढच्या वसंतात एकच प्रत निघाली. ती कमिटीनं बघितली, बंदी आली आणि प्रती तेव्हाच नष्ट झाल्या; उरली फक्त निगेटिव्ह. रादिमला एका इस्पितळाच्या बॉयलरवर कोळसा ओढायला घातलं.

“व्लास्ताबाई,” ती म्हणाली, “पिक्चर माझ्याकडे नाही.”

“मग कुठे ठेवलात? गावी?”

“कुठेच नाही. तो राहिलेला नाही. मी कापून टाकला.”

व्लास्ताबाई हसल्या, ऐकू नीट आलं नाही की माणूस हसतं तशा. “म्हणजे?”

बोहुमिलानं सांगितलं. बहात्तरचा ऑक्टोबर. ती काम करायची त्या फिल्म लॅबोरेटरीचे प्रमुख ह्रुश्का कागद घेऊन आले. ‘ह्या निगेटिव्हची दहा रिळं मोकळी करायची आहेत, बोहुमिलाबाई. बारीक तुकडे करून धुवायला पाठवा. त्यातून चांदी निघते, ती देशाच्या कामी येईल.’ शेजारच्या टेबलावरची क्वेता हळूच म्हणाली होती, ‘चला, ह्या वर्षी आपल्या हातून एक तरी चकाकतं काम होतंय.’ त्यावर बोहुमिलाही हसली होती. ते हसणं तिला अजून आठवत होतं.

“नाही म्हणता आलं असतं?” व्लास्ताबाईंनी विचारलं.

“आलं असतं. ह्रुश्का जाता जाता म्हणाले, ‘तुमची लेक लिबुशे यंदा मेडिकलच्या प्रवेशाला बसतेय ना? हुशार पोर आहे.’ बाकी काही बोलले नाहीत.” तिनं बशी सरळ केली. “पण सगळं त्यांच्यावर ढकलत नाही मी. दुपारी जेवायच्या सुट्टीत खोलीत मी एकटीच होते. एक रीळ कोटाखाली सहज गेलं असतं. कपाटाशी जाऊन उभीही राहिले. पण भीती वाटली. मग परत येऊन कापायला बसले. संध्याकाळपर्यंत काम संपलं.”

“दहाच्या दहा?”

“दहाच्या दहा. माझं काम कधी अर्धवट राहिलं नाही.”

व्लास्ताबाईंनी पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. “मग रादिमला तुम्ही खोटं का सांगितलंत?”

“सांगितलं नाही. गप्प बसले.”

ते ट्राममध्ये घडलं होतं. शहात्तर साल. रादिम कोळशानं माखलेल्या कपड्यांत चढला, नखं काळीकुट्ट, निम्मे केस गेलेले. तिला बघून त्याचा चेहरा असा उजळला की तिला तोंड फिरवता येईना. शेजारी येऊन बसला आणि खिडकीकडे बघत पुटपुटला, “काही बोलू नका. इथे भिंतींनाही कान आहेत. ह्रुश्कानं पिक्चर नष्ट झाल्याचं कळवलंय मला. ते कागदावर ठीक आहे. पण ते काम तुमच्याकडे आलं होतं हे कळलं आणि मी निर्धास्त झालो. एका चौकटीसाठी माझ्याशी तासभर भांडणारी बाई तुम्ही. तुम्ही कुठे ठेवलाय ते मला सांगू नका.” तिचा उतरायचा थांबा गेला. पुढचाही गेला. ती तोंड उघडणार तेवढ्यात तो उठला, टोपीला हात लावला आणि उतरून गेला. घरी आल्यावर तिनं त्याला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही चुलीत घातली.

“पुढे आठ वर्षं जगला तो,” व्लास्ताबाई म्हणाल्या. “कधी सांगता आलं नाही तुम्हाला?”

“सांगणार काय, व्लास्ताबाई? माणसाकडे तेवढंच तर उरलं होतं.”

व्लास्ताबाईंनी पेला बाजूला सारला. आवाज चढलेला नव्हता. “म्हणजे त्याला तुम्ही आशा दिलीत. आणि मला खरं सांगताय. माझ्यासाठीही थोडी शिल्लक ठेवायची होतीत.”

 माफी मागायचं बोहुमिलाच्या मनात आलं, पण त्या शब्दाची तिला स्वतःलाच लाज वाटली.

“मी तो बघितलेलाच नाही,” व्लास्ताबाई म्हणाल्या. “कमिटीपुढे लावला तेव्हा बायकांना कोण आत घेणार? त्याला विचारलं की म्हणायचा, ‘पिक्चर काय तोंडी सांगायची गोष्ट आहे? पडद्यावर बघशील.’ शेवटपर्यंत नाही सांगितलं.” त्यांनी पर्समधून पत्राचं एक जुनं पाकीट काढलं, उलटं केलं आणि पेन उघडलं. “तुम्ही सांगा. चौकट न् चौकट तुमच्या हातून गेलीय. पहिल्यापासून सांगा.”

बोहुमिलानं डोळे मिटले. पहिल्या रिळात बर्फातला रस्ता आणि बस. बाई उतरते, तिच्या हातात पुडकं. पहारेकरी पुडकं सोडून बघतो. दुसऱ्या रिळात रांग. ती सांगत गेली आणि व्लास्ताबाई बारीक अक्षरात लिहीत गेल्या. तिसऱ्यात आजारी पोराचा प्रसंग होता, चौथ्यात शेजारणीशी भांडण. पाचव्यापाशी ती अडखळली. आकडे आठवत होते, कुठे कापलं ते आठवत होतं. कशासाठी कापलं ते निघून गेलं होतं.

“पुढे?”

“मधलं नाही आठवत. आठवत होतं हो. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत सगळं आठवत होतं.”

“शेवट?”

“शेवट आहे. नवरा दुसऱ्या खाणीवर हलवला असं तिला सांगतात. ती परत फिरते. मग तिचा चेहरा, अगदी जवळून. बराच वेळ. मला वाटलं लांबलाय, मी संकलकाला फोनसुद्धा केला. रादिम स्वतः फोनवर आला. म्हणाला, ‘एवढाच हवा.’”

“चेहऱ्यावर काय होतं?” व्लास्ताबाई पुढे झुकल्या. “ती रडते का? की तिला आधीपासून ठाऊक असतं?”

बोहुमिलानं डोळे उघडले.

“मी निगेटिव्हच बघितली, बाई. तिच्यात चेहरा काळा दिसतो आणि डोळे पांढरे. जोडीला प्रत असायची, पण तिच्यातही आम्ही कडेचे आकडेच बघायचो. चेहरा नाही बघितला मी.”

व्लास्ताबाईंनी मान हलवली. पाकिटावर लिहिलं, ‘शेवटी चेहरा’. पेन क्षणभर तसंच धरलं, मग टोपण लावलं. शाई वाळावी म्हणून त्या पाकिटावर हलकेच फुंकर घालत बसल्या.