घोटा धरणारी आम्रपाली

"मॅडम, फुटबॉल ज्यानं शोधला त्याला हात नव्हते का?"

प्रश्न आम्रपालीचा नव्हता. मिनल आणि मदिनानं तो मधल्या सुट्टीत डबा खाता खाता तयार केला होता, आणि नव्या क्रीडाशिक्षिका शाहीन मॅडमना भर मैदानात विचारायची पैज तिच्यावर लादली होती. वर्षभरापूर्वीची आम्रपाली पोटात दुखतंय म्हणून सरळ घरी गेली असती. पण नववीत आल्यापासून, म्हणजे शाळेच्या कबड्डी संघाची कॅप्टन झाल्यापासून, तिच्या आवाजाला धार आली होती. विचारलं तिनं, एका दमात. मागे मदिना ओढणी तोंडात कोंबून हसत होती आणि मिनल कुंपणावरचा कावळा फार लक्ष देऊन बघत होती.

शाहीन मॅडम पंपाची सुई थुंकीनं ओली करून चेंडूत खुपसत होत्या. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.

"होते की. आणि वापरायचेही. आधी सगळेच चेंडू हातानं झेलायचे. इंग्लंडात प्रत्येक शाळेचे नियम वेगळे, त्यामुळे दोन शाळा समोरासमोर आल्या की खेळ कमी आणि भांडण जास्त. मग दीडशे-एक वर्षांपूर्वी लोक बसले, नियम लिहिले, आणि हळूहळू सगळ्यांचे हात काढून घेतले. फक्त एकाचे ठेवले."

"कुणाचे?"

"गोलकीपरचे. तोही आधी आपल्या अर्ध्या मैदानात कुठंही चेंडू हातात घ्यायचा. पुढं त्यालाही गोलसमोरच्या चौकटीत बसवलं."

"आणि बायका?" मदिनाचं हसू थांबलं होतं.

"बायकाही खेळायच्या. बघायला हजारोंनी माणसं यायची. मग तिथल्या संघटनेनं त्यांना मैदानं बंद केली. पन्नासेक वर्षं."

"मग काय केलं त्यांनी?"

"खेळल्या. बागेत, मोकळ्या जागेत, मिळेल तिथं." मॅडमनी चेंडू दाबून बघितला आणि आम्रपालीकडं टाकला. "माझ्याकडं सात मुली आहेत, हव्यात अकरा. तोंड एवढं चालतंय म्हणजे पायही चालत असतील. तुम्ही तिघी, आणि कबड्डीतली अजून एक घेऊन या. आजच."

तर अशी ही भरती झाली. पैजेचा वडापाव मिळाला तो वेगळाच.

मॅडमच्या पत्र्याच्या पेटीत जुने बूट होते, तळाला गोट्यांसारखे दट्टे असलेले, आणि नडगीला लावायच्या प्लास्टिकच्या ढाली होत्या. चौघींनी त्या मोज्यांवरून बांधल्या, क्रिकेटच्या पॅडसारख्या, आणि ऐटीत मैदानात आल्या. आधीच्या सात जणी खाली बसून हसल्या.

"आत घालायच्या गं, मोज्याच्या आत," मॅडम म्हणाल्या. "लाथ बसेल ती तुम्हाला. शोभेला नाहीत त्या."

पहिला आठवडा नुसता पायात गेला. चौघी अंगठ्यानं चेंडू मारायच्या, तो तिरका गटारीकडं पळायचा आणि जिनं मारला तिनं आणायचा, असा नियम होता. मॅडम सांगायच्या, पायाच्या आतल्या बाजूनं ढकला, दार लोटल्यासारखं. चेंडू आला की पाय दगडासारखा ठेवू नका, थोडा मागं घ्या, म्हणजे तो पायाशी बसतो. आम्रपालीला हे सगळं आवडायला लागलं आणि तिथंच गोची झाली.

गोची म्हणजे पप्पा. भीमराज चाकणच्या कंपनीत सुटे भाग तपासायचे आणि त्याआधी, त्यानंतर आणि मध्ये जमेल तेव्हा कबड्डी खेळायचे. काळेवाडीतल्या मंडळाचा डावा कोपरा गेली पंधरा वर्षं त्यांचा. चढाईला आलेल्याचा घोटा धरला की सुटायचा नाही. तोच हात त्यांनी लेकीला गच्चीवर, गादी टाकून, ती सहावीत असल्यापासून शिकवला. आता येत्या रविवारी जिल्ह्याच्या मुलींच्या कबड्डी संघाची निवड होती. पप्पांची आठवड्याची सुट्टी गुरुवारची. रविवारी लेकीबरोबर जाता यावं म्हणून त्यांनी एका सहकाऱ्याशी सुट्टीची अदलाबदल केली आणि गुरुवारी मुकाट कामावर गेले. डबा भरताना आई एवढंच म्हणाली, "बघ बाई, तुझ्यासाठी."

आणि फुटबॉलच्या शालेय स्पर्धेतला पहिला सामना कधी, तर त्याच रविवारी, सकाळी नऊला. आम्रपालीनं हे घरी सांगितलंच नव्हतं. अकरावी मुलगी म्हणून जागा भरायला मी आहे, मॅडमना दुसरी कुणीतरी मिळेल, असं ती स्वतःला समजावत होती.

शनिवारी सकाळी मोशीच्या एका शाळेशी सराव सामना ठरला. बसमधून उतरून नव्या इमारतींच्या मधून चालत मैदान गाठलं. आम्रपाली बचावात डावीकडं, मिनल गोलमध्ये. मिनल उंच होती आणि तिला पळायचा कंटाळा होता, म्हणून ती जागा तिची. बाहेर शाहीन मॅडम, आणि शिट्टी मोशीच्या सरांकडं.

दहा मिनिटं बरी गेली. मग मोशीची नऊ नंबरची, दोन वेण्यांची उंच मुलगी, चेंडू घेऊन थेट चौकटीत शिरली. आम्रपालीला चुकवून ती पुढं निघाली, तिचा उजवा पाय आम्रपालीच्या अगदी जवळून गेला, आणि पुढचं डोक्याला न विचारता झालं. आम्रपालीनं गुडघ्यावर सूर मारला आणि दोन्ही हातांनी तिचा घोटा धरला. नुसता धरला नाही, तर ओढून छातीशी घेतला, पप्पांनी शिकवला होता तसा. नऊ नंबरची आडवी झाली. मागून मदिना, कबड्डीत उजवा कोपरा सांभाळणारी, धावत आली आणि जुन्या सवयीनं तिच्या कमरेवर पडली.

मैदानात क्षणभर कुणालाच काही कळेना. मग सरांनी शिट्टी फुंकली ती थांबेचना.

"अहो मॅडम, या मुलींना खेळ कुठला ते सांगितलंय ना?"

"सांगितलंय सर," शाहीन मॅडम म्हणाल्या. त्यांचे खांदे हलत होते. "हाताला अजून कळलेलं नाही."

खरं म्हणजे लाल कार्डाचीच गोष्ट होती, पण सराव म्हणून दोघींचं पिवळ्यावर भागलं. मोशीला पेनल्टी मात्र मिळाली. आम्रपालीचे कान तापले होते. त्यात मिनलनं हातमोजे काढून तिच्या पायाशी टाकले.

"मी नाही थांबवणार. पाय हिनं धरला, हिनंच बघावं."

"ए मिने, असं काय करतेस?"

"मग काय करू? एवढ्या जवळून मारणार ती. माझं नाक फुटलं तर तुझी आई देणारे का नवीन?"

शाहीन मॅडमनी सरांना खूण केली. "चालतं. सांगून अदलाबदल करा. जर्सी पण बदला, गोलकीपरचा रंग वेगळा लागतो."

मिनलची घामेजलेली हिरवी जर्सी आणि दोन बोटं मोठे हातमोजे घालून आम्रपाली दोन खांबांच्या मध्ये उभी राहिली. जाळं मागे केवढं तरी मोठं वाटलं. नऊ नंबरची घोटा चोळत आली, चेंडू ठेवला आणि आम्रपालीच्या उजव्या खांबाकडं रोखून बघायला लागली.

डोळ्यांत बघू नको, पप्पा म्हणायचे, डोळे फसवतात. टेकलेला पाय बघ.

तिचा टेकलेला पाय मात्र आम्रपालीच्या डावीकडं वळला. आम्रपालीनं डावीकडं झेप घेतली. मातीवर पडायची भीती तिला कधीच नव्हती. तळहातांवर काहीतरी सणकन बसलं आणि चेंडू खांबाबाहेर गेला. ती उठली आणि कबड्डीत बोनस गुण मागतात तसा एक हात वर करून सरांकडं बघत राहिली.

"बोनस नाहीये बाळा इथं," सर म्हणाले आणि हसले. "पण छान अडवलास."

सगळ्या तिच्या अंगावर येऊन पडल्या. सगळ्यात वर मिनल.

मिनलनं हातमोजे परत मागितले नाहीत. पुढं दोन गोल झाले. दोन्ही डोक्यावरून, कारण कबड्डीत वरून काहीच येत नाही आणि आम्रपालीला वर बघायची सवयच नव्हती. सामना दोन शून्य हरले. तरी उरलेला वेळ ती त्या चौकटीत ओरडत होती, मदिना मागं ये, तू पुढं जा, ही माझी, आणि सगळ्या ऐकत होत्या. अख्खं मैदान तिच्यासमोर होतं. तिला तिथून हलावंसंच वाटेना.

परतीच्या बसमध्ये शाहीन मॅडम शेजारी येऊन बसल्या.

"उद्या गोलमध्ये कोण ते आज आठपर्यंत मला फोनवर सांग. मदिनानं मला तुझ्या निवडीचं सांगितलंय. तू गेलीस तर मिनल उभी राहील, दहा जणींत भागवू, आणि मी रागवणार नाही. पण सकाळी सांगितलंस तर रागवेन."

घरी पप्पा पहिल्या पाळीहून आले होते. त्यांनी तिची कबड्डीची जर्सी इस्त्री करून खुर्चीवर ठेवली होती. आम्रपालीनं घोट्याची गोष्ट सांगितली तसे ते इतके हसले की आई चहा ठेवून बाहेर आली.

"सुटला नाही ना?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

"न्हाई. छातीशी घेतला."

"शाब्बास. आता लवकर जेव आणि झोप. उद्या साडेसातला निघू."

आम्रपालीनं घड्याळ बघितलं. सात वाजून दहा मिनिटं. तिनं जर्सीची घडी उचलली, पप्पांच्या हातात दिली आणि दोघांच्या समोर उभी राहिली.

"पप्पा, आई, उद्या मी निवडीला येणार नाहीये. उद्या नऊला आमची फुटबॉलची मॅच आहे आणि मी गोलकीपर आहे. तुम्ही गुरुवार घालवलात ते मला माहितेय पप्पा, म्हणून तर फोन करायच्या आधी तुम्हाला सांगतेय. पण विचारत नाहीये. ठरवलंय मी."