दोन फटके

मला शाळेनं बोलावून घेतलं. मला! एकोणीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवली, पालकांना बोलावून बोलावून माझा घसा बसला, आणि त्या दिवशी नांदुऱ्याच्या एका इंग्रजी शाळेत मीच पालक म्हणून खुर्चीच्या टोकावर बसले होते. समोर मुख्याध्यापिका स्वरदा मॅडम. वय तीस-बत्तीस, बोलणं एकदम पुणेरी, आणि टेबलावर एक कागद उलटा घालून ठेवलेला. उलटा ठेवलेला कागद म्हणजे काय असतं ते मला कुणी शिकवू नका, मीही ठेवलेत.

"विहंग हुशार आहे," त्या म्हणाल्या.

"पुढचं बोला मॅडम. हुशार म्हटलं की मागून 'पण' येतो, हे मलाही ठाऊक आहे."

आलाच. विहंग तिसरीत आहे, पण जागेवर बसत नाही. प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो, तेही चुकीचं. दुसऱ्यांचे डबे उघडतो. गाडीची शिट्टी ऐकू आली की वर्गातून उठून थेट फाटकाकडं पळतो. मागच्या आठवड्यात दोनदा रस्त्यावर गेला होता. मग त्यांनी कागद सरळ केला. दोन अर्ज होते. एक शिक्षकांनी भरायचा, तो भरलेला होता. दुसरा आईवडिलांनी भरायचा. दोन्ही घेऊन बुलढाण्याला मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टरकडं जायचं आणि मूल्यमापन करून आणायचं.

"एडीएचडी असू शकतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे मुलाचं लक्ष टिकत नाही, शरीर स्थिर राहत नाही. महिनाअखेरपर्यंत अहवाल आला नाही, तर त्याला वर्गात बसवणं आम्हाला कठीण जाईल."

बस, माझं डोकं फिरलं. शाळेत मी शुद्ध बोलते, पण चिडले की वऱ्हाडी बाहेर पडते. "कोनाले सांगून राह्यल्या तुम्ही? शिक्षण हक्क कायदा मलेही पाठ आहे. पोट्ट्याले असं काढता येत नाही तुम्हाले. तुम्हाले वर्ग सांभाळता येत नाही, अन् माह्या पोराले येडं ठरवता?"

"वेडं कुणीच म्हणत नाहीये." त्यांचा आवाज जराही चढला नाही, त्याचाच जास्त राग आला. "तुम्ही शिक्षिका आहात, सुहासिनीताई. तुमच्याही वर्गात असं मूल कधी आलं असेलच ना?"

मी पर्स उचलली, अर्ज उचलले आणि निघाले.  

घरी माझ्या नवऱ्यानं माझीच बाजू घेतली. नीळकंठ तहसीलीत कारकून आहे. कागद दिसला की तो कुठल्या फाइलीखाली दाबता येईल, हे त्याला आधी सुचतं. "पोट्टं मस्तीखोर आहे, बाकी काही नाही," तो म्हणाला. "काऊन डोक्याले ताप करून घेऊन राह्यली? मी लहानपणी घराच्या टिनावर चढून बसत होतो. मले कोनी डॉक्टरकडं नेलं काय?"

मला हेच ऐकायचं होतं. संध्याकाळी विहंग पाढे लिहायला बसला, आणि त्याची टाच फरशीवर वाजायला लागली. टक टक, टक. दोन घाईघाईनं, एक थांबून.

"पाय बंद कर."

थांबला. मग पुन्हा टक टक, टक.

"बंद कर म्हटलं ना!" मी ओरडले, आणि उठून त्याच्या पाठीत दोन ठेवून दिल्या. तो रडला नाही. स्वतःच्या पायाकडं बघत म्हणाला, "आई, मी सांगतो त्याला. तो ऐकतच नाही."

पुन्हा उगारलेला माझा हात तसाच वर राहिला. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. विहंगच्या जन्माच्याही आधी.

आता सांगायलाच पाहिजे. अकरा वर्षांपूर्वी मी नांदुऱ्याजवळच्या एका खेड्यात दुसरीचा वर्ग घेत होते. हजेरीपटावर सतरावं नाव होतं, शेख अकील शेख सईद. बाप सईद पिंजारी, गाद्या भरायचा. त्याच्या भुवयांवर कायम कापूस. अकील एक मिनिट बसत नसे. टाच वाजवायचा, दोन घाईघाईनं, एक थांबून. वर्गातून पळायचा. विचारलं की म्हणायचा, "मॅडम, म्या पायाले सांगतलं, तो ऐकत नाई." आम्ही शिक्षक मधल्या सुट्टीत त्याची नक्कल करून हसायचो. हो, हसायचो.

एकदा सईदभाई टोपी हातात घेऊन वर्गाच्या दाराशी उभे राहिले. "मॅडम, पोराच्या डोस्क्यात काही तकलीफ असन का? अकोल्याच्या डॉक्टरले दाखवून आनू का? तुम्ही म्हनान तसं."

त्याच आठवड्यात विशेष गरजा असलेल्या मुलांची माहिती भरायची होती. एक नाव लिहिलं की दहा कागद मागं लागतात. तालुक्याचं शिबिर, पालकाला घेऊन जा, दर महिन्याला नवीन तक्ता. आमचे मुख्याध्यापक महादेवराव म्हणायचे, "निरंक लिहा मॅडम, अन् सुखानं जेवा." निरंक म्हणजे असं मूल एकही नाही. आमच्याकडं बहुतेक जण तेच लिहितात, मूल समोर नाचत असलं तरी लिहितात. मीही लिहिलं. आणि जे लिहिलं तेच खरं करायला सईदभाईंना सांगितलं, "काही झालं नाही त्याले. लाड कमी करा. दोन फटके द्या, सुतासारखा सरळ होईल."

"जी मॅडम," म्हणून ते गेले.

डिसेंबरातल्या एका दिवशी अकराच्या सुमारास अकील पळाला. मी मागं गेले नाही. खिचडी शिजली की येतो, रोजचंच आहे, असं म्हणून मी फळ्याकडं तोंड केलं. खिचडी शिजली, वाटून झाली, पातेलं घासून झालं. तो गावाबाहेरच्या शेततळ्यात सापडला. त्या तळ्यांना आतून प्लास्टिक लावलेलं असतं, पट्टीचा पोहणाराही वर येताना घसरतो. अकील आठ वर्षांचा होता. हजेरीपटावर त्या दिवशी तो हजर आहे, माझ्या हातानं.

चौकशी झाली. मुलाला काही त्रास होता का, याची नोंद मागवली. नोंद निरंक. म्हणजे शाळेला काही कल्पना असण्याचं कारणच नव्हतं. त्या एका शब्दानं मी सुटले. उन्हाळ्यात बदलीही झाली.

सुटले कसली! नव्या शाळेत पोरं मान खाली घालून शुद्धलेखन लिहायला लागली की मागच्या भिंतीपासून आवाज यायचा. टक टक, टक. जाऊन बघावं तर बाक रिकामा. मी तो बाकच काढून टाकला. तरी यायचा. भूतबीत मी मानत नाही, अंधश्रद्धेचा धडा मीच शिकवते. पण त्या भिंतीकडं पाठ करायची माझी हिंमत होत नसे. मी तिरकी उभी राहून फळ्यावर लिहायची आणि पोरं तोंडावर हात धरून हसायची. विहंग झाला आणि आवाज थांबला. सात वर्षं शांत गेली. गेल्या वर्षी तो पुन्हा आला, माझ्याच घरात, माझ्याच पोराच्या पायातून.

म्हणून मी स्वरदा मॅडमवर तुटून पडले होते. कायदाबियदा सगळं वरवरचं. विहंग नुसता मस्तीखोर असला, तर अकीलही मस्तीखोरच होता आणि माझं काही चुकलं नव्हतं. डॉक्टरनं लिहून दिलं की पोराला हे आहे, तर अकीललाही तेच होतं, आणि त्याच्या बापानं मला विचारलं होतं. स्वतःची कातडी वाचवायला मी पोटच्या पोराला डॉक्टरपासून लांब ठेवत होते. आई म्हणवून घ्यायची लाज वाटते, पण खरं हेच आहे.

रविवारी सकाळी मी तो अर्ज भरायला घेतला. पोराला काही नाही असंच दाखवायचं, हे ठरवूनच बसले होते. मूल जागेवर बसू शकत नाही: कधीच नाही. मूल आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही: कधीच नाही. एकापाठोपाठ एक अठरा खुणा केल्या. आम्हा शिक्षकांचा तक्ते भरायला हात बसलेला असतो, बघावंही लागत नाही. शेवटी वर जाऊन नाव लिहिलं, सही केली. तेवढ्यात विहंग माझ्या खांद्यावर लोंबकळला आणि वाचायला लागला.

"आई, शेख अकील कोण आहे?"

मी पाहिलं. मुलाचे नाव या शब्दांपुढं, माझ्या गोल गोल अक्षरात, लिहिलं होतं, शेख अकील शेख सईद. अक्षर माझं होतं. लिहिल्याचं मला आठवत नव्हतं.  विहंग पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "कोण आहे गं? सांग ना, कोण आहे?"

मी त्याच्या पायात चपला सरकवल्या आणि त्याला घेऊन बाहेर पडले. सईदभाईंनी पुढं नांदुऱ्यातच स्टेशनच्या रस्त्याला दुकान टाकलंय, पुढं दुकान, पडद्यामागं घर. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. भाजीला जाताना मी तो रस्ता टाळून लांबून जात असे.

कापूस पिंजायची मशीन चालू होती. मला पाहताच सईदभाईंनी ती बंद केली, तसा पडद्यामागून भांड्यांचा आवाज ऐकू यायला लागला. दाढी सगळी पांढरी झाली होती, का तो कापूसच होता, कळेना. "मॅडम! या, या, बसा." विहंग विचारायच्या आत कापसाच्या ढिगात घुसला. मी त्याला ओढायला गेले तर ते म्हणाले, "राहू द्या. खेळू द्या त्याले."

मी बसले. हा माणूस मला शिव्या देईल, असं मी धरून आले होते. आणि आणखी एक गोष्ट मी अकरा वर्षं धरून चालले होते. माझं ऐकून यानं पोराला मारलं असेल, माराच्या भीतीनं पोर पळालं असेल. म्हणजे निम्मा दोष माझा, निम्मा याच्या हाताचा. अशी वाटणी मी मनातल्या मनात करून टाकली होती.

"सईदभाई, अकीलबद्दल बोलायचं होतं."

ते खाली गादीवर बसले. विहंगकडं बघत म्हणाले, "तुम्हाले तोंड दाखवाची लाज वाटते मले, मॅडम. तुम्ही सांगतलं होतं. म्याच नाई ऐकलं."

"काय नाही ऐकलं?"

"दोन फटके द्या म्हनलं होतं तुम्ही. म्या हात उचलो, तो माह्याकडं पाहून हसे, अन् हात खाली ये. एक डाव नाई मारलं म्या त्याले. तवाच धाक लावला असता तर वर्गात बसला असता, तळ्याकडं गेला नसता." त्यांनी डोळे पुसले, डोळ्यांवरही कापूस लागला. "माह्या लाडानं जीव घेतला त्याचा. हे पोरगं तुमचंच काय? याले धाकाबिगर सोडू नका मॅडम. माह्यासारखं करू नका."

 मला तिथून उठता आलं असतं. हो म्हणायचं, चहा घ्यायचा, पोराचा हात धरायचा आणि निघायचं. कुणाला काही कळलं नसतं. घरी जाऊन नवीन अर्जावर विहंगचं नाव लिहायचं आणि पुन्हा अठरा खुणा करायच्या. मी विहंगकडं पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत कापसानं भरलेला, तो स्वतःशीच हसत होता. परवाच मी त्याला मारलं होतं.

"सईदभाई, तुम्ही बरोबर होते," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. मी काय लिहिलं होतं, कशासाठी लिहिलं होतं. "याले मंगळवारी डॉक्टरकडं नेऊन राह्यली मी. तुमच्या अकीललेही न्यायला पाहिजे होतं. तुम्ही विचारलं, मीच नाही म्हटलं. फटक्यांनी काही झालं नसतं. तो बिघडलेला नव्हता."

"बिघडेल नोता?"

"नाही."

"अन् माह्या लाडानं..."

"नाही, सईदभाई. तुमच्या लाडानं काहीच झालं नाही. त्या दिवशी तो पळाला तेव्हा मी त्याच्या मागं गेले नाही, त्यानं झालं. शिव्या द्या मला. काहीतरी बोला."

त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. माफही केलं नाही. गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि दुकानामागचा पडदा त्यांनी बाजूला धरला. 

"हे अंदर जाऊन सांगा," ते म्हणाले. "सरवरीले सांगा, अकीलच्या मायले. फटक्यांचं तिलेही म्याच सांगतलं होतं. पोराले तळ्यातून काढलं त्या दिवशी ती मले एकच बोलली, मॅडमचं काऊन नाई ऐकलं? तवापासून माह्याशी बोलली नाई. अकरा साल झाले. एका घरात राहतो, एक लफ्ज नाई."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. मी विहंगला कापसातून बाहेर काढलं, त्याचा हात घट्ट धरला आणि पडद्याआड गेले. सरवरी गॅसपाशी उभी होती. मला पाहताच तिनं लगबगीनं डोक्यावर ओढणी घेतली आणि खुर्ची पुसून पुढं केली.

"बसा मॅडम," ती म्हणाली.