कानवाल्यांच्या फोनमधला पक्षी

कानवाल्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर ठसठशीत अक्षरांत होतं आणि गल्लीत कुणालाच ते माहीत नव्हतं. कान तपासायचे आणि ज्यांना लागेल त्यांना श्रवणयंत्र बसवून द्यायचं, हा त्यांचा धंदा. आयुष्यभर ते माणसांना काचेच्या खोलीत बसवत आले होते, त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवत आले होते, आणि बाहेरून बारीक-मोठे आवाज सोडून सांगत आले होते, "ऐकू आलं की बटण दाबा." घरात मात्र बायकोचं ठाम मत होतं की जगाचे कान दुरुस्त करणारा हा माणूस स्वतःचे कान फक्त चष्मा अडकवायला वापरतो.

ती बायको सध्या घरी नव्हती. लेकीचे दिवस भरत आले होते, म्हणून ती लेकीच्या गावी जाऊन राहिली होती. निघताना, एक पाय गाडीत आणि एक रस्त्यावर ठेवून ती म्हणाली होती, "अहो, एकच काम सांगते. आत नेण्याआधी तिला तुमच्याशी बोलायचंय. घाबरलीय पोर. मी मेसेज करीन, तुम्ही तिथल्या तिथे फोन करायचा. ऐकलंत?"

"ऐकलं."

"काय ऐकलं?"

कानवाल्यांनी सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. जुन्या नवऱ्यांना ही विद्या अवगत असते. शेवटची दोन वाक्यं कानाच्या उंबऱ्यावर उभी करून ठेवायची आणि मागितली की परत करायची. आत घ्यायची गरज पडत नाही. पण या वेळी ते काम आत गेलं होतं, आणि आत जाऊन जे बसलं होतं ते त्यांना स्वस्थ बसू देत नव्हतं.

कारण गल्लीतल्या प्रत्येक फोनचा आवाज एकच होता, टिंग. बाहेरच्या बाकावर टिंग झालं की कानवाले उठत. शेजारच्या चष्म्याच्या दुकानात टिंग झालं की अर्धे उठत. स्वतःच्या फोनवर टिंग झालं की हातातलं सगळं टाकून धावत, आणि बघतात तर दूरच्या मामेभावाने गुलाबाच्या फुलावर 'शुभ सकाळ' लिहून पाठवलेलं. हा मामेभाऊ दिवसातून तीनदा सकाळ शुभ करत असे.

बरं, तपासणीच्या यंत्रातून निघणारा आवाजही टिंगच्याच जातीचा. एका गृहस्थांची तपासणी चालू असताना कानवाल्यांचा फोन वाजला. गृहस्थांनी इमानदारीत बटण दाबलं आणि कानवाल्यांनी इमानदारीत ते टिपलं. ठार बहिऱ्या माणसाच्या हाती 'श्रवण उत्तम' असा कागद पडता पडता राहिला, तोही केवळ पुढचेबाईंमुळे.

पुढचेबाई म्हणजे दवाखान्यातल्या मदतनीस. बाहेरच्या टेबलामागे बसून त्या दिवसभर "पुढचे!" असं ओरडत. तिथे येणाऱ्या गिऱ्हाइकांना हळू बोलून उपयोग नव्हता, त्यामुळे चौकातले लोकही अधूनमधून वळून बघत.

"सर," पुढचेबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बाळंतपण ताईंचं आहे. कळा तुम्ही का देताय?"

"मेसेज आला आणि कळलाच नाही तर?"

"द्या इकडे. काकूंना वेगळा आवाज लावते आणि बाकी सगळ्यांची तोंडं बंद करते. कॉलसुद्धा वाजणार नाही. वाजतील तर फक्त काकूंचे मेसेज."

असं करता येतं हे कानवाल्यांना माहीतच नव्हतं. फोनच्या पोटात आवाजांची ही थोरली यादी निघाली. पुढचेबाई एकेक वाजवून दाखवू लागल्या.

"ही घंटा."

"नको. पेशंट बटण दाबतील."

"हा पाण्याचा थेंब."

"नळ गळल्यासारखा वाटतो. मी उठून नळ बंद करायला जाईन."

"काच फुटल्याचा?"

"काचेच्या खोलीत? वेड लागलंय का?"

"बेडूक आहे एक. काकूंना बेडूक लावू?"

कानवाल्यांनी क्षणभर विचार केला, हे नमूद करायला हवं. "नको," ते म्हणाले. "कळलं तर घरात घेणार नाही."

शेवटी पक्षी निघाला. कानवाल्यांनी फोन कानाला चिकटवून ऐकला. इतका बारीक, इतका नाजूक, जणू कुणी चांदीच्या तारेवरून नख फिरवतंय. तपासणीत व्यत्यय येणार नाही असा हा एकमेव आवाज होता. शिवाय बायकोला पक्षी म्हटल्याने आपण जरा रसिकही ठरतो, असं त्यांना वाटून गेलं.

"आता एक अट," पुढचेबाई म्हणाल्या. "फोन खणात राहणार. पक्षी बोलल्याशिवाय खण उघडायचा नाही. नाहीतर आणखी चार बहिऱ्यांना तुम्ही बरं करून घरी पाठवाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन खणात गेला, खण बंद झाला, आणि कानवाल्यांच्या हातांना काही कामच उरलं नाही. खिशात हात घालावा तर खिसा रिकामा. ते खणाच्या मुठीवर बोट ठेवत आणि चटका बसल्यासारखं काढून घेत. टेबलावरचे सगळे पेन त्यांनी उंचीप्रमाणे लावले, मग ते विस्कटले. दोनदा खणाला कान लावायला वाकले आणि दोन्ही वेळा पुढचेबाईंनी दार उघडल्यामुळे बुटाची नाडी बांधत असल्याचं सोंग केलं. बुटाला नाडी नव्हती.

पहिले आले निवृत्त न्यायाधीश. नवं यंत्र घ्यायचं होतं. कानवाल्यांनी ते त्यांच्या कानात बसवलं आणि संगणकावर आवाजाच्या पट्ट्या वरखाली करू लागले.

"पक्षी आहे," न्यायाधीश एकाएकी म्हणाले.

"काय?"

"खोलीत पक्षी आहे. चिवचिवला."

कानवाल्यांनी खिडकीकडे पाहिलं. बंद होती. "नाही हो, पक्षी नाही."

"मी ऐकला. तो कुठे आहे ते शोधणं तुमचं काम."

कानवाले समजुतीने हसले. नवं यंत्र कानात नीट बसलं नाही की बारीक शीळ घालतं, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी संगणकावर बारीक आवाजांची पट्टी खाली ओढली. "आता?"

"अजून आहे. पुन्हा चिवचिवला."

आणखी खाली. "आता?"

"आता थांबला," न्यायाधीश म्हणाले, पण निकाल पटलेला दिसत नव्हता. "माझं मत विचाराल तर तो गेला नाही. त्याला गप्प केलंय."

मग एक आजी आल्या, सोबत सून. आजींचं यंत्र जुनंच होतं, नुसतं जुळवून घ्यायचं होतं. खुर्चीत बसता बसताच आजींचा चेहरा उजळला. "अगं बाई! कुठे बोलतोय गं पक्षी?"

"यंत्र शीळ घालतंय, आजी," कानवाले म्हणाले.

"मलाही ऐकू आलं की," सून म्हणाली.

कानवाल्यांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. "होतं असं. सोबत राहून राहून घरच्यांनाही भास व्हायला लागतात. तुम्ही थोडी विश्रांती घेत जा."

सुनेला विश्रांतीचा सल्ला आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तोही सासूसमोर, मिळाला होता. तिने पक्ष्याचा विषय तिथेच सोडला. कानवाल्यांनी आजींच्याही बारीक आवाजांची पट्टी खाली ओढली. आजी म्हणाल्या, "गेला वाटतं. बरा होता हो."

तिसरा आला पत्र्याची पिंपं ठोकणारा कारागीर. वर्षानुवर्षांच्या ठोकाठोकीने त्याचे कान बारीक आवाजांच्या बाबतीत पार बाद झाले होते. कानवाल्यांनी त्याला मुद्दाम विचारलं, "या खोलीत पक्षीबिक्षी काही ऐकू येतोय का तुम्हाला?"

"छे!" कारागीर म्हणाला. "चिडीचूप आहे सगळं."

कानवाल्यांना हायसं वाटलं. सकाळपासून शहाण्यासारखं बोलणारा हा पहिला माणूस भेटला होता.

पण जीव काही भांड्यात पडेना. इतका वेळ मेसेज नाही म्हणजे काय? लेक घाबरलीय. लहानपणी सुई टोचायची म्हटलं की ती त्यांचं बोट धरून ठेवायची. नर्सला ते बोट बाजूला करावं लागायचं. आता फोन म्हणजे तेच बोट, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी खणाच्या मुठीवर पुन्हा हात ठेवला, पुन्हा काढला. शब्द दिलाय, पक्षी बोलेल, बोलला की उघडू. बायको नाही नाही ते विसरेल, पण मेसेज करायला विसरणार नाही. आणि आपण तर कान टवकारून बसलोच आहोत.

दुपारी पुढचेबाई चहा घेऊन आत आल्या. बाहेरचं दार जाड होतं, आवाज आतबाहेर जाऊ नये म्हणूनच बसवलेलं, त्यामुळे सकाळपासून त्यांना आतलं काही कळलं नव्हतं. त्यांनी कप ठेवला.

"काही नाही हो अजून," कानवाले म्हणाले. "एक अक्षर नाही. मला तर वाटतं तुम्ही लावताना काहीतरी गडबड केलीत..."

पुढचेबाई खणाकडे बघत होत्या. मग कानवाल्यांकडे. मग परत खणाकडे.

"सर."

"काय?"

"वाजतोय की."

"काय वाजतोय?"

"पक्षी! आत्ता वाजला. तुम्ही बोलत होतात, तेव्हा. हा बघा, हा परत."

कानवाल्यांनी मान तिरकी केली. श्वास रोखला. खोलीत पंखा होता, चहाची वाफ होती, पुढचेबाईंचा उघडा राहिलेला जबडा होता. पक्षी नव्हता.

त्यांनी खण उघडला.

पडद्यावर बायकोचे न वाजलेले कॉल होते आणि मेसेज एकाखाली एक साचले होते. 'आत नेणारेत. फोन करा.' मग 'ती विचारतेय तुम्हाला.' मग 'त्यांना जरा थांबा म्हटलंय. करा.' मग नुसतंच 'अहो.' मग परत 'अहो.' मग 'नेलं तिला.' त्यानंतर बरीच मोकळी जागा, आणि मग 'मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.' सगळ्यात खाली फोटो होते, कापडात गुंडाळलेल्या रागीट चेहऱ्याच्या एका व्यक्तीचे. ते आत्ताच आले होते.

त्यांनी फोन लावला. बायकोचा फोन व्यग्र. पुन्हा लावला, व्यग्रच. सगळं गणगोत अभिनंदन करत असणार. मामेभाऊसुद्धा.

"फोनमध्येच दोष आहे," कानवाले म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "बाहेर आवाजच पडत नाहीये त्याचा."

पुढचेबाईंनी काचेच्या खोलीचं दार उघडलं आणि धरून उभ्या राहिल्या.

"आत्ता? मी आजोबा झालोय, बाई!"

"काकूंचा फोन लागेपर्यंत बसा. फोनचा दोष की कशाचा ते कळेल तरी."

आयुष्यभर ज्या खुर्चीत दुसऱ्यांना बसवलं त्या खुर्चीत कानवाले बसले. खुर्ची इतकी टणक आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. डोक्यावर हेडफोन, हातात बटण. काचेपलीकडे पुढचेबाई यंत्राशी उभ्या. शेकडो वेळा पाहून त्यांना सगळं येत होतं.

कानवाल्यांनी बटण दाबलं. मग थोडा अंदाज घेऊन परत दाबलं. मग लागोपाठ दोनदा.

हेडफोनमध्ये पुढचेबाईंचा आवाज आला. "सर, मी अजून सुरूच नाही केलं."

मग त्यांनी सुरू केलं. जाड आवाज सगळे आले. मधले आले. बारीक आवाज सुरू झाल्याचं कानवाल्यांना पुढचेबाईंच्या खांद्यावरून कळत होतं. खांदा हलायचा, हात कळ दाबायचा, आणि कानात काहीच यायचं नाही. पुन्हा खांदा हलायचा. खांदा बघून बटण दाबता आलं असतं. अंगठा तयारही होता. त्यांनी डोळे मिटून घेतले.

बाहेर आले तेव्हा कागद त्यांनी मागितला नाही. बारीक आवाजांपाशी उतरत गेलेली त्यावरची रेघ त्यांनी इतक्या लोकांना समजावून सांगितली होती की, न बघता काढून दाखवता आली असती. "न्यायाधीशांना परत बोलवा," ते म्हणाले. "आणि आजींना. पट्ट्या वर कराव्या लागतील. आणि त्या सुनेला..." त्या सुनेला काय सांगायचं ते त्यांना सुचेना.

टेबलावर फोन उजळला. बायको.

"अगं, मी..."

"झोपली होती, आत्ता उठलीय," बायको म्हणाली. स्वरात बर्फ. "शेवटपर्यंत फोन मुठीत धरून होती. त्यांनी काढून घेतला. मी सांगितलंय तिला, बाबांचा फोन बिघडला असेल. तुम्हीही तेच सांगा."

सोय झाली होती. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. पुढचेबाई भिंतीवरचं कानाच्या आतल्या रचनेचं चित्र पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या बघत उभ्या होत्या.

"फोन चांगला आहे," कानवाले म्हणाले. "मेसेज आले, वाजलेही. सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू आले. मला आले नाहीत. माझा कान गेलाय गं. बारीक आवाज येतच नाहीत."

पलीकडून जरा निराळ्या स्वरात, "कधीपासून?"

"काही वर्षं झाली असावीत."

बायको विचार करत होती. ती कशाचा विचार करतेय हे त्यांना तिच्या श्वासावरून कळलं. ती मागचं सगळं आठवत होती, एकेक संध्याकाळ उलटवून बघत होती.

"म्हणजे... इतकी वर्षं मी जे बोलत होते, ते तुम्हाला ऐकूच येत नव्हतं?"

आयुष्यभराची माफी ताटात वाढून समोर आली होती. एकदा 'हो' म्हटलं असतं तर सगळ्या संध्याकाळी धुऊन निघाल्या असत्या. कानवाल्यांनी पंख्याकडे पाहिलं, खणाकडे पाहिलं, उघड्या राहिलेल्या काचेच्या दाराकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "ते ऐकू येत होतं."

बायकोच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्याचा की कशाचा ते त्यांना ओळखता येईना. फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली.

"बाबा?" लेकीचा आवाज होता, अगदी खालचा, बाळ शेजारी झोपलं असलं की काढतात तसा. पुढचं वाक्य त्यांना नुसतं झुळकीसारखं लागलं आणि निघून गेलं. प्रश्न होता एवढं कळलं. 'हो बाळा' म्हटलं असतं तर बहुतेक चाललं असतं. त्यांनी फोन उजव्या कानाचा डाव्याला नेला, मग परत उजव्याला आणला.

"जरा मोठ्याने बोल," कानवाले म्हणाले. "मला ऐकू येत नाही."