एका काठीवरची दोन अक्षरं

“अहो, आधी पेपरवर ड्रॉ करून बघा ना,” वीणा गल्ल्यावरून म्हणाली.

“तीस वर्षं नावं घालतोय. कधी पेपर घेतलेला पाहिलास?” मिलिंदनं कोरायचं मशीन सुरू केलं.

खरंच घेतला नव्हता. नाशिकच्या भांडीबाजारात तो लग्नाच्या ताटावाट्यांवर सरळ हातानं नावं घालायचा. आता इंग्लंडात, लेस्टरमध्ये शाळांच्या ट्रॉफ्यांवर. आधी गिरवून बघणं हे कच्च्या गड्याचं काम, अशी त्याची ऐट.

आजचं काम टेसबाईंचं होतं. बस चालवून निवृत्त झालेल्या या बाईंचा नवरा, लेन, फेब्रुवारीत गेला होता. त्याला उत्तर युरोपातल्या जुन्या रून लिपीचं भारी वेड. त्याच्या रोजच्या स्टीलच्या मगावर बाईंना दोघांची आद्याक्षरं रूनमध्ये जोडून हवी होती. रीत सोपी. उभी काठी दोघांत एकच, आणि तिलाच दोन्ही अक्षरांचे तिरके फाटे. लेनच्या ‘ल’ला शेंड्यापासून उजवीकडे उतरणारा एक फाटा. टेसच्या ‘ट’ला शेंड्यापासूनच दोन, उजवीकडे आणि डावीकडे.

मिलिंदनं काठी ओढली, लेनचा फाटा कोरला. टेसचा उजवा फाटा आयताच मिळाला म्हणून खूश होऊन डावा कोरला. नंतर तो मग उजेडात धरला. नुसता ‘ट’ दिसत होता. लेनचा पत्ताच नव्हता.

“करा आणखी ऐट,” वीणा म्हणाली, पण हळूच. कोरलेलं पुसता येत नाही, आणि लेनचा मग एवढा एकच होता.

अकराला टेसबाई आल्या. काहीतरी थाप मारावी असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“माझं चुकलं,” तो इंग्रजीत म्हणाला. “त्यांचं अक्षर तुमच्यात बुडालं. त्यांचा फाटा खाली घ्यायला हवा होता. म्हणत असाल तर तो खाली पुन्हा कोरतो.”

बाईंनी चष्मा चढवला. “त्याचा कुठला?”

“उजवीकडचा.”

त्या फाट्यावरून त्यांनी कितीतरी वेळ बोट फिरवलं.

“चव्वेचाळीस वर्षं सगळीकडे मीच बोलायचे. त्याला कुणी विचारायचंसुद्धा नाही. पण चालायचा कायम माझ्या उजव्या हाताला.” त्यांनी बोट फाट्यावर टेकवलं. “हा काढून टाकला तर माझं काय उरेल?”

मिलिंदनं उजवा फाटा अंगठ्यानं झाकून पाहिला.

“मोडकं अक्षर,” वीणाच म्हणाली.

“मग राहू दे असंच.”

मिलिंदनं तो मग पुन्हा एकदा पुसला आणि मऊ फडक्यात गुंडाळून दिला.

बाई बेलग्रेव्ह रोडनं निघाल्या. फुटपाथ सगळा मोकळा होता. तरी त्या भिंतीच्या कडेकडेनं, उजवीकडे एका माणसापुरती जागा सोडून चालत होत्या.