खरवडलेली जागा

सुनेची चावी कुलपात फिरली तेव्हा आजोबांचा बाण ‘सगळं पुसा’ या बटणापासून बोटभर लांब होता. घाई झाली की माउस हमखास भलतीकडे पळतो. बाण आधी खाली घसरला, मग पडद्याच्या कडेला जाऊन गडप झाला, मग कुठूनसा परत आला. एकदाचं बटण सापडलं, तर यंत्राने विचारलं, खात्री आहे का?

“आहे रे बाबा, आहे,” आजोबा तोंडातल्या तोंडात पुटपुटले आणि त्यांनी बटण दाबलं.

सून आत आली तेव्हा पडदा कोरा करकरीत होता आणि आजोबा त्याच्याकडे फार लक्ष देऊन पाहत होते.

“काय बाबा, बातम्या का?”

“हो. तेच ते आपलं.”

तिने खांद्यावरची पिशवी उतरवली, वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि जाता जाता लॅपटॉपच्या पाठीला हात लावला.

“केवढा तापलाय हा! सकाळपासून चालू आहे की काय?”

आजोबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. शाळेत शिकवणाऱ्या बाईच्या नजरेला नजर देऊन खोटं बोलणं मोठं अवघड असतं, आणि ही तर घरातली होती.

पोराटोरांनी लपवावं तसं काही ते पाहत नव्हते. ते पट्टीला शोधत होते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दोघे ड्राफ्ट्समन होते, एकतीस वर्षं शेजारशेजारच्या उतरत्या टेबलांवर. स्टीलची सहा इंची पट्टी कायम शर्टाच्या खिशात, म्हणून तो पट्टी. आजोबा काढायचे त्यापेक्षा खोडायचे जास्त, म्हणून पट्टीच्या लेखी ते खोडरबर. गेल्या वर्षापर्यंत महिन्याच्या पहिल्या रविवारी पट्टीचा फोन यायचा. तो बंद झाला. आजोबांनी लावला तर नंबर अस्तित्वात नाही म्हणून एक बाई सांगू लागली. शेवटी ते पट्टीच्या घरी जाऊन आले. दारावर भलतीच पाटी होती, आणि शेजारीण म्हणाली, “ते होय? त्यांना मुलाने कुठल्याशा वृद्धाश्रमात ठेवलंय. गावाबाहेर आहे म्हणे, झाडंबिडं आहेत.”

आता हे घरी येऊन सांगायला काय हरकत होती? काहीच नाही. पण आजोबांची जीभ रेटेना. हे घर तसं गुण्यागोविंदाने चाललेलं होतं. सून चहा पुढ्यात आणून द्यायची, मुलगा डॉक्टरांच्या तारखा विसरायचा नाही. फक्त तो एक शब्द या घरात आजवर कुणी उच्चारला नव्हता. जेवणाच्या टेबलावर, त्याच टेबलाच्या कोपऱ्यात नात कोपराने ताटं सरकवून गणितं सोडवत असताना, तो शब्द आपण होऊन आपल्याच तोंडून काढायचा? एकदा निघाला की तो खुर्ची ओढून बसेल आणि मग उठायचा नाही, असं त्यांना वाटायचं. म्हणून रोज दुपारी घर रिकामं झालं की ते शोधायला बसायचे. एकेका ठिकाणचे फोटो पडद्याला नाक लावून पाहायचे, हसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घोळक्यात पट्टीचं टक्कल दिसतंय का ते धुंडाळायचे, आणि सून यायच्या आत सगळं पुसून टाकायचे. पुसण्याची युक्ती नातीनेच शिकवली होती. तिला स्वतःच्या कामासाठी ती चांगलीच अवगत होती.

पुसण्यात ते मूळचेच वाकबगार. ट्रेसिंग पेपरवरची शाई रबराने जात नाही, ती ब्लेडने खरवडावी लागते. हलक्या हाताने, कागद न फाडता. मग ती जागा नखाने घासून गुळगुळीत करायची, नाहीतर पुढची रेघ फुटते. साहेबांना कधी पत्ता लागायचा नाही. पट्टी मात्र नकाशा उचलून खिडकीकडे धरायचा आणि म्हणायचा, “इथे काय होतं रे खोडरबर?”

तसंच इथे झालं. आठवड्याभरात घरात पांढऱ्या केसांची माणसं दिसू लागली. सून प्रश्नपत्रिका तयार करायला बसली की पडद्याच्या उजव्या बाजूला एक म्हातारं जोडपं बाकावर बसून खदाखदा हसायचं. खाली लिहिलेलं असायचं, ‘त्यांना सोबत, तुम्हाला निश्चिंती.’ मुलगा फोनवर सामन्याचा धावफलक पाहायला गेला की तिथेही तेच जोडपं हजर. एकदा नातीच्या भूगोलाच्या चित्रफितीच्या आधी एका आजीबाईंनी येऊन हिरवळ दाखवली.



“अगं, आपण पुसलेलं पूर्ण जातं ना?” आजोबांनी नातीला बाजूला घेऊन विचारलं.

“आपल्याकडचं जातं,” ती पेन्सिल चावत म्हणाली. “त्यांच्याकडचं थोडंच जातं? त्यांना माहितीच असतं.”

“त्यांना म्हणजे कुणाला?”

ती पुन्हा वहीकडे वळली. तिच्या लेखी हा प्रश्नच नव्हता.

तेव्हापासून आजोबांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जेवताना त्यांचं लक्ष ताटात नसायचं, ते दोघांच्या चेहऱ्यावर असायचं. दोघंही बदलली होती. मुलाचा फोन टेबलावर पालथा असायचा. सून त्या पालथ्या फोनकडे पाहायची, मग नवऱ्याकडे, मग घाईघाईने आजोबांना विचारायची, “बाबा, अजून वाढू?” मुलगा तिच्याकडे रोखून पाहायचा आणि विनाकारण वडिलांना सांगायचा, “सावकाश जेवा, घर आपलंच आहे.” इतकी वर्षं जे सांगायची गरज पडली नव्हती, ते तो आठवड्यात तीनदा बोलला. दोघांनाही काहीतरी खुपत होतं, आणि आजोबा मूग गिळून बसले होते. एखाद्या संध्याकाळी सांगून टाकू, असं रोज ठरायचं. रोज संध्याकाळ यायची आणि जायची.

रविवारी सकाळी, मुलगा आणि सून स्वयंपाकघरात असताना, पट्टी सापडला.

एका दिवाणखान्याचा फोटो होता. पुढे कॅरम खेळणारी चार माणसं, मागे कुंडी, आणि कुंडीमागे वाकून चपलेचा पट्टा लावणारा एकजण. चेहरा अर्धाच दिसत होता. पण शर्टाच्या खिशातून चकाकणारं एक टोक बाहेर आलं होतं. आजोबांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. इंचाच्या खुणा दिसत नव्हत्या, पण दिसायची गरजही नव्हती. त्यांना हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. जागेचं नाव त्यांनी चिठोऱ्यावर लिहून खिशात घातलं. आता कसली लपवाछपवी? सरळ सांगायचं, पट्टी सापडला, मला तिथे घेऊन चल. ते उठले आणि तरातरा स्वयंपाकघराकडे निघाले.

दार लोटलेलं होतं. आतून दबक्या आवाजात भांडण चालू होतं.

“मी काही आंधळी नाही. पंधरा दिवस बघतेय. तूच शोधतोयस आणि पुसून टाकतोयस.”

“मी? अगं, मला वाटत होतं तू बघतेस!”

“माझ्यावर ढकलू नकोस. मला त्यांचं कधी जड झालंय? सांग ना, कधी?”

“मी तसं म्हटलंय का? पण लॅपटॉप तुझ्याकडे असतो.”

“म्हणजे मी त्यांना घालवायला निघालेय. बोल ना, एकदाचं बोलून टाक.”

तिचा आवाज चिरकला.  आपल्या एका मित्रापायी इथे दोन चांगली माणसं एकमेकांच्या मनातून उतरत होती. आजोबांनी दार ढकललं.

“भांडू नका रे. ते मी बघत होतो.”

 नळ चालू होता, तो सुनेने बंद केला.

आजोबांनी खिशात हात घालून चिठोरं चाचपलं. पुढचं वाक्य ओठावर होतं. पट्टीसाठी, माझा तो पट्टी नाही का, त्याच्यासाठी. एवढंच बोलायचं होतं.

“तुम्ही?” मुलगा म्हणाला. “बाबा, तुम्ही स्वतः?”

आणि तो हसला. मोकळं, पोटातून. कितीतरी दिवसांत आजोबांनी त्याचं असं हसणं ऐकलं नव्हतं. त्याचे खांदे खाली आले, तो ओट्याला टेकला. सुनेने पदराने डोळे टिपले आणि तीही रडता रडता हसू लागली.

“अहो, मग आधी सांगायचं ना! आम्ही दोघं वेड्यासारखी…” ती नवऱ्याच्या दंडावर चापट मारत म्हणाली.

“बसा बाबा, बसा.” मुलाने स्टूल पुढे केलं. त्याचा आवाज मऊ झाला होता. आजोबांच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात होता तसा. “म्हणजे तुमच्याच मनात होतं तर. आम्ही कधी विषयसुद्धा काढला नसता. तुम्हाला माहितीये ना?”

“माहितीये,” आजोबा म्हणाले.

“तिथे काय, तुमच्या वयाची माणसं. इथे दिवसभर एकटे असता, आम्हाला दिसतं ना ते. आणि आपण येत-जात राहूच.”

आजोबांनी सुनेकडे पाहिलं. निदान ती काहीतरी म्हणेल असं त्यांना वाटलं. तिने खरोखरच मान हलवली आणि पुढे होऊन त्यांच्या हातावर हात ठेवला. ओला, गार हात.

“पण घाई नाही हं बाबा,” ती फार प्रेमाने म्हणाली. “घाई अजिबात नाही.”

खिशातला त्यांचा हात तसाच बाहेर आला, रिकामा. त्या घरात आता कुणी भांडत नव्हतं. नात दारात येऊन काय झालं म्हणून विचारत होती आणि मुलगा तिला काही नाही, काही नाही, म्हणत होता. ओठावरचं वाक्य आजोबांनी गिळलं. 

पुढचे तीन दिवस घर कसं प्रसन्न होतं. फोन टेबलावर उताणे पडू लागले. मुलगा गाणं गुणगुणत दाढी करायचा. बुधवारी दुपारी आजोबा पुन्हा लॅपटॉपपुढे बसले. रविवारपासून त्यांनी काही पुसलं नव्हतं, पुसायला आता कारणच उरलं नव्हतं. पट्टीचा फोटो जिथे होता तिथेच असेल, त्या पानावर खाली फोन नंबर होता, एवढं त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी मागे पाहिलेल्या पानांची यादी उघडली.

यादी कोरी होती.

त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. पट्टीचं पान नव्हतं. त्यांनी चाळलेल्या बातम्या नव्हत्या. सुनेच्या प्रश्नपत्रिका, नातीचा भूगोल, काही काही नव्हतं. आपणच पुसलं आणि विसरलो असं काही वेळ त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पण एकतीस वर्षं खरवडण्यात गेलेल्या माणसाला आपला हात कुठला आणि दुसऱ्याचा कुठला, हे कळतं.

चिठोरं पुढ्यात ठेवून त्यांनी ते नाव पुन्हा टाइप केलं. पान उघडलं. उजव्या बाजूला बाकावरचं म्हातारं जोडपं आज नव्हतं. त्यांच्या जागी एक टेबल होतं. मुलांसाठी अभ्यासाचं टेबल, चार फूट बाय दोन, खाली तीन खण, वर पुस्तकांची मांडणी. फिकट पिवळ्या रंगाचं, चांगलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘तुम्ही पाहिलेलं टेबल अजून उपलब्ध आहे.’

आजोबांनी मान वळवून आपल्या खोलीत पाहिलं. दहा बाय नऊची खोली. खिडकीखाली खाट, साडेसहा बाय तीन. दार उघडायला अडीच फूट. मोजायला त्यांना पट्टी लागली नाही, हिशोब आपोआप डोळ्यांपुढे मांडला गेला. खाट ठेवली तर टेबल बसत नव्हतं, कुठल्याच भिंतीला. खाट काढली तर मात्र छान बसत होतं. पोरीला उजेड डाव्या बाजूने मिळाला असता, लिहिताना हाताची सावली कागदावर पडली नसती. आराखडा बिनचूक होता. नाही म्हटलं तरी त्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मागे एकदा ते आपण होऊन म्हणाले होते, मी बाहेरच्या खोलीत झोपतो, पोरीला ही द्या. तेव्हा दोघांनी त्यांना गप्प केलं होतं, काहीतरीच काय बाबा, म्हणून.

ते पुन्हा पडद्याकडे वळले. मग पानावरचा नंबर त्यांनी आकडा आकडा करून फोनवर दाबला. तिकडच्या माणसाला पट्टीचं खरं नाव सांगितलं. तो थांबा म्हणाला. चपलांचा आवाज दुरून जवळ येत गेला, एक पाय किंचित ओढत.

“हॅलो, कोण?”

“खोडरबर.”

 पट्टी इतक्या जोरात ओरडला की आजोबांनी फोन कानापासून लांब धरला.

“अरे लेका! मला वाटलं तूही विसरलास! शोधलंस कसं? कधी येतोस, ते बोल आधी. चार दिवस काढून ये.”

“येतो,” आजोबा म्हणाले. “पट्टी, एक सांग.”

“विचार की.”

“तिथल्या खोल्यांना उजेड कुठल्या बाजूने येतो रे?”