फादरांचा नंबर

"पाऊण तास? फादरांशी पाऊण तास बोलण्यासारखं आहे तरी काय तुझ्याकडे?" बायकोच्या चपला जागेवर टेकायच्या आत एक्सरेंनी विचारलं.

"सगळा वेळ बोलत नाही. गप्पही बसतो."

"दोघांनी गप्प बसायला दोन बस बदलून जायचं? घरी आपण बसतोच की फुकट."

बायको हसली आणि ओढणीची घडी घालत आत गेली. एक्सरेंनी तेही मनात टिपून घेतलं. पूर्वी या वाक्यावर ती चिडली असती.

एक्सरे हे ऑफिसने दिलेलं नाव. विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. जळालेलं दुकान असो की पाण्यात बुडालेली मोटार, मालक सांगायला लागला की हे त्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत. टेबलापलीकडचा कागद उलटा वाचण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. समोरचा फाइल चाळायला लागे, तोवर यांची वाचून झालेली असे.

जन्म ख्रिस्ती घरातला, बाप्तिस्मा झालेला, लग्नही आईच्या हट्टापायी चर्चमध्येच लागलेलं. पण कॉलेजात देव सुटला तो सुटलाच. शहराचंही तसंच झालं होतं. चर्चच्या सभागृहात आता वजन कमी करण्याचे वर्ग भरत आणि त्यांना रविवारच्या मिस्सापेक्षा जास्त गर्दी असे. बायको तर देवाधर्माच्या बाबतीत त्यांच्याहून कोरडी. अशी बाई, सासू गेल्यापासून पाच महिने, दर गुरुवारी चार वाजता म्हाताऱ्या फादरांकडे 'मार्गदर्शनाला' जात होती. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"समुपदेशकाकडे गेल्या असत्या तर तुम्हाला चाललं असतं," ऑफिसातल्या टायपिस्ट बाई म्हणाल्या.

"समुपदेशकाला पदवी असते. तो चुकला तर तक्रार करायला जागा असते. या फादरांची तक्रार कुठे करायची?"

"वर," बाई म्हणाल्या आणि टाइप करायला लागल्या.

खरं तर एक्सरेंना मार्गदर्शनाची भीती नव्हती. भीती होती ती माहितीची.

शेवटच्या आठवड्यात आई एकच मागत होती, फादरांना बोलाव. एकदा पापनिवेदन करायचं होतं, कपाळाला शेवटचं तेल लावून घ्यायचं होतं. एक्सरेंना वाटलं, फादर झगा घालून दारात उभे राहिले की डॉक्टरांनी झाकून ठेवलेलं सगळं आईला एका क्षणात कळणार. शिवाय तत्त्वाचाही प्रश्न होता. तीस वर्षं जपलेलं तत्त्व असं आठवड्याभरात कसं मोडायचं? रोज संध्याकाळी आई विचारी, "फोन लागला का रे फादरांना?" आणि हे सांगत, "रिंग जातेय, उचलत नाहीत." असं पाच दिवस चाललं. मग विचारणारीच राहिली नाही. त्यांनी फोन एकदाही केला नव्हता. नंबरच नव्हता त्यांच्याकडे.

आणि आता फादर आणि बायको समोरासमोर बसत होते. एखाद्या गुरुवारी ती सहज म्हणणार, "फादर, तेव्हा तुम्ही फोन का नाही उचललात?" आणि फादर म्हणणार, "कुठला फोन?" की झालं. याहून कमी पुराव्यावर एक्सरेंनी लोकांचे दावे फेटाळले होते.

बुधवारी अर्धी रजा टाकून ते स्वतःच चर्चमध्ये गेले.

फादरांच्या खोलीचं दार काचेचं होतं. "नवा नियम आहे," फादर म्हणाले. "आत कोण बसलंय ते बाहेरून दिसलं पाहिजे, पण काय बोलतंय ते ऐकू यायला नको."

नियम एक्सरेंना आवडला. त्यांनी आढेवेढे न घेता विचारलं, "माझी बायको इथे काय बोलते?"

"बसा ना."

"नवरा आहे मी. मला कळायला हवं."

"मग त्यांनाच विचारा की. एकाच घरात राहता ना?"

एक्सरेंनी ठेवणीतलं हत्यार काढलं. काही बोलायचं नाही, नुसतं बघत राहायचं. समोरच्याला शांतता सोसत नाही, तो आपणहून बोलायला लागतो. पण फादरांचा चाळीस वर्षांचा धंदा तोच होता. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं गेली. शेवटी बोलले ते एक्सरेच.

"आईच्या वेळी मी तुम्हाला फोन केले होते. तुम्ही उचलले नाहीत."

"केव्हा?"

"मार्चमध्ये. आठ ते बारा तारीख, रोज संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी." खोटं बोलणारा माणूस वेळ फार नेमकी सांगतो, हे नव्या पोरांना त्यांनीच शिकवलं होतं.

फादरांनी चष्मा चढवला आणि कपाटातून एक लांबट वही काढली. आजारी माणसाला भेटून आलं की तिच्यात नोंद करायची रीत होती. पानं उलटत ते एका पानावर थांबले. बराच वेळ थांबले. मग वही तशीच उघडी ठेवून उठले.

"पाणी आणतो तुम्हाला."

पाण्याचा भरलेला जग टेबलावरच होता.

एक्सरेंनी वहीला हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती. दहा मार्च, दुपारी अडीच. आईचं नाव, माहेरच्या नावासकट. पापनिवेदन, तेल, ख्रिस्तप्रसाद. हजर: सून. आणि शेवटी बारीक अक्षरात: मुलाला सांगू नये, आजींची इच्छा.

दहा तारीख. त्या संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर आईचं कपाळ तेलकट दिसलं होतं. घाम असेल म्हणून त्यांनीच रुमालाने पुसून काढलं होतं. एक्सरे म्हणे!

आणि तरीही त्या संध्याकाळी आईने विचारलं होतं, "फोन लागला का रे?" अकरालाही विचारलं. बाराला आवाज पार खोल गेला होता, तरी विचारलं. "उचलत नाहीत," ऐकल्यावर म्हणाली होती, "राहू दे. दमला असशील."

काम तर झालेलं होतं. मग विचारत कशासाठी होती? सत्तावीस वर्षांत एक्सरेंनी शेकडो माणसांना एकच प्रश्न तीन-तीनदा विचारला होता. समोरच्याला खरं बोलायला आणखी एक संधी द्यायची असली की तसं विचारतात.

फादर रिकाम्या हातांनी परत आले आणि त्यांनी वही मिटली.

"आणखी काही विचारायचं होतं?"

"नाही."

फादरांनी वही मुद्दाम उघडी ठेवली की म्हातारपणामुळे तशी राहिली, हा संशय एक्सरेंना बसमध्ये घरापर्यंत पुरला. घरी ते काही बोलले नाहीत. बायकोनेही उशीर का झाला ते विचारलं नाही.

गुरुवारी बायकोला ताप भरला. एक्सरेंनी रजा टाकली. साडेतीनच्या सुमारास ती पडल्या पडल्या म्हणाली, "अहो, फादरांना कळवता का? आज येत नाही म्हणून."

त्यांनी फोन हातात घेतला. "नंबर सांग."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. 'तुमच्याकडे नाही?' असं ती विचारू शकली असती. तिने ते विचारलं नाही. एकेक आकडा सावकाश सांगत गेली, मध्ये थांबत, त्यांचं बोट बटण शोधेपर्यंत.

दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

गुरुवारी येणाऱ्या बाईंचा नवरा, असं सांगायचं होतं.

"मी... दहा मार्चच्या आजींचा मुलगा."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"फोन करायला जरा उशीर झाला," एक्सरे म्हणाले.

"बोला," फादर म्हणाले. "मी आहे."

बायकोने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पांघरूण कानांवर ओढून घेतलं.