चकाकीच्या पाटीची कबुली

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. तुमच्या शाळेतली नव्हे. मला पाढे येत नाहीत, मोजदाद मात्र उत्तम येते. वीतभर रुंद सागवानी फळी आणि तिच्यावर ताणून चिकटवलेलं जाड कातडं, एवढाच माझा देह. काचवाल्यांकडे मिळणारी गुलाबी पूड पाण्यात कालवून माझ्यावर पसरायची आणि तिच्यावर दगड घासत राहायचं, म्हणजे दगडाला चकाकी येते. ही गोष्ट मी मिरवण्यासाठी सांगत नाही. मला एका गोष्टीची लाज वाटते आणि ती पोटात ठेवून आता फार दिवस झाले.

माझा जन्म बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात झाला. फळी तिथल्या खोक्याची, कातडं तिथल्या जुन्या यंत्राच्या पट्ट्याचं. दोघंही भंगारातच जाणार होतो. पण तिथले कारागीर वासुदेवअण्णा निवृत्त होत होते, त्यांनी शेवटच्या आठवड्यात आम्हा दोघांना जोडलं आणि के. आर. पुरमच्या आपल्या घरी आणलं.

अण्णा मूळचे निपाणीकडचे. बेंगळुरूत चाळीस वर्षं काढली, तरी गावाकडच्या नदीतले गोटे त्यांच्या डोक्यातून गेले नाहीत. दर खेपेला पिशवीभर घेऊन यायचे. वासंतीअक्का म्हणायच्या, लोक गावाहून काकवी आणतात, आमचे हे धोंडे आणतात. मग दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसून अण्णा ते धोंडे हाताने घासायचे. यंत्र नाही, मोटार नाही. इंग्रजी आठचा आकडा गिरवल्यासारखा दगड फिरवायचा आणि फेरे कन्नडमध्ये मोजायचे, कारण कारखान्यात मोजणी कन्नडमध्येच व्हायची.

माझ्याआधी तीन काचांचं काम असे. पहिल्या काचेवर जाड काळी पूड, दुसरीवर मध्यम, तिसरीवर पिठासारखी. नियम एकच, पण कडक. एका काचेवरून दुसरीकडे जाताना दगड, हात, काच, सगळं वाहत्या नळाखाली धुवायचं. जाड पुडीचा एक कण जरी पुढे आला, तरी आधीची सगळी मेहनत वाया.

एका अकीकाच्या गोट्याचा हिशेब सांगते. पहिली काच अकरा दिवस, दुसरी नऊ, तिसरी सात. माझे दोन. आणि कौतुक? ते सगळं माझं. पाहुणे दगड उजेडात धरून विचारायचे, मशीन कुठली घेतली? अण्णा माझ्याकडे बोट दाखवायचे. लोक माझ्यावरून बोट फिरवून वाहवा म्हणायचे. कॉफी येण्याआधी वाहवा करणारे चार, कॉफी प्यायल्यावर करणारे अकरा, एवढंही मी मोजलं होतं. त्या तीन काचा कोपऱ्यात उभ्या असायच्या, पण सत्तावीस दिवस यांचे आहेत, असं मला एकदाही वाटलं नाही.

गेल्या वर्षी अण्णांचा उजवा हात किंचित थरथरू लागला. कप बशीवर वाजायचा. अण्णांना ते कळलं होतं, अक्कांना कळलं होतं, आणि दोघंही कॉफी गरम आहे का यावर बोलायची.

त्याच वर्षी उन्हाळ्यात पाण्याची ओरड झाली. एके दिवशी इमारतीत टँकर आलाच नाही. इंदिरानगरच्या एका सभागृहात दगड घासणाऱ्या हौशी मंडळींचं वार्षिक प्रदर्शन चार दिवसांवर आलं होतं आणि अण्णांचा तांबडा, पांढऱ्या पट्ट्यांचा गोटा तिसऱ्या काचेवरून उतरला होता. पहिल्या काचेवर दुसरा एक दगड चालू होता. अक्कांनी पिण्याचं पाणी बाजूला काढून अण्णांना एक बादली दिली. अण्णांनी त्या एका बादलीत तिन्ही काचा धुतल्या, आणि शेवटी मलाही बुडवलं.

तेव्हाच तो कण माझ्या कातड्यात शिरला. काळा, रव्याच्या कणाहून बारीक. मला तो लगेच कळला.

अण्णांनी त्या गोट्याला माझ्यावर दोन हजार फेरे दिले. प्रत्येक फेऱ्याला तो कण दगडावर रेघ ओढत होता. मी गप्प राहिले.

इंदिरानगरला काळ्या कापडावर दगड मांडले होते. अण्णांनी सोबत मलाही ठेवलं, कारण लोकांना साधनं बघायची असतात. घरच्या उजेडात गोटा झकास दिसला होता, पण तिथे दिवा प्रखर होता, रेघा उघड्या पडल्या. भगवंतराव म्हणून बँकेतून निवृत्त झालेले एक जुने सभासद, त्यांनी भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं, आणि अगदी मायेनं विचारलं, “वासुदेवराव, हात थरथरतो का हो आता?”

आसपासच्या चौघांनी आधी दगडाकडे पाहिलं, मग अण्णांच्या हाताकडे. अण्णांनी हात खिशात घातला. माझ्याकडे कुणीही पाहिलं नाही.

मित्रांनो, लाज वाटते ती इथली. कुणी पाहिलं नाही म्हणून मला बरं वाटलं. कण सापडला तर कातडं फेकून देतात, हे मला ठाऊक होतं. घरी आल्यावर अण्णांनी ओल्या फडक्यानं मला पुसलं, तेव्हा मी तो कण आणखी आत ओढून घेतला.

आठवडाभर अण्णा बाल्कनीत फिरकले नाहीत. मग त्यांनी काचा खोक्यात भरल्या, पुडीचे डबे भरले, आणि आपला कारखान्यातला जुना सोबती शिवाप्पा याला फोन करून सांगितलं, हे सगळं घेऊन जा, माझा हात संपला. खोक्यात सगळ्यात वर मी होते.

शिवाप्पा रविवारी मेट्रोनं आला. खोक्याकडे न बघता आधी जेवला, दोनदा सार मागून घेतलं. मग म्हणाला, “वासण्णा, कशाला टाकालास हे? तो दगड तरी दाखीव.”

अण्णांनी नाइलाजानं दिला. शिवाप्पानं तो खिडकीशी नेला, भिंगातून पाहिला, पालथा केला, पुन्हा पाहिला. जन्मभर पोलादावरच्या रेघा तपासलेला माणूस तो.

“सगळ्या रेघा एका जाडीच्या, एका खोलीच्या,” तो म्हणाला. “थरथरणारा हात एवढी सारखी रेघ काढत नाही. काढ म्हटलं तरी जमायचं नाही त्याला. चाळीस वर्षं काय शिकलास मग?”

उत्तर आलं ते अक्कांकडून. त्या दिवशी टँकर आला नव्हता, आपण एकच बादली दिली होती, असं त्या हळूच म्हणाल्या.

अण्णांनी मला मांडीवर घेतलं. तेच थरथरणारं बोट माझ्या कातड्यावरून इंच इंच सरकत गेलं आणि नेमकं त्या जागी थांबलं. सुईनं त्यांनी कण काढला आणि कागदावर ठेवला.

शिवाप्पा म्हणाला, एक निघाला म्हणजे आणखी असतील, फेक ती पाटी.

“तिचं काय चुकलं?” अण्णा म्हणाले. “बादलीत मीच बुडवली.”

मग त्यांनी भगवंतरावांना फोन लावला. म्हणाले, हात थरथरतो, स्वल्प, ते खरं आहे. दगडावरच्या रेघा मात्र त्याच्या नव्हेत. मी पाणी वाचवायला गेलो, आणि पाटीत कण अडकला. चूक माझी. एवढं सांगून प्रदर्शन पुढच्या वर्षी कधी, तेही विचारून घेतलं.

आता अण्णा तो गोटा पुन्हा दुसऱ्या काचेपासून घासतायत. चकाकी द्यायला नवी पाटी आली आहे. मी स्वयंपाकघरात असते, अक्का माझ्यावर सुरीला धार लावतात.

मित्रांनो, पाणी कमी असेल त्या दिवशी काम बंद ठेवा, पण जाड आणि बारीक एका बादलीत धुऊ नका. आणि आपल्यातल्या कणाचा बोल दुसऱ्याच्या हाताला लागत असेल, तर माझ्यासारखं गप्प पडून राहू नका. अण्णांनी मला दोन शब्द सुनावले असते, तर मला इतकं जड गेलं नसतं. त्यांनी माझी चूकसुद्धा आपल्या नावावर घेतली, आणि मी तीही घेऊ दिली.